द्राक्षाच्या मांडवाखालची खुर्ची

रादका तेनेवाबाईंनी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते स्वयंपाकघराच्या खिडकीतून, आणि पाहताक्षणी चोर ठरवून टाकलं.

सप्टेंबर सरत आला होता. डॅन्यूबकाठच्या रूसे गावातल्या प्रत्येक बाल्कनीत लाल मिरच्या भाजल्या जात होत्या आणि त्यांच्या गोडसर धुराने सगळी गल्ली भरून गेली होती. खाली फाटकाजवळच्या लिंडनच्या झाडाला नेहमीप्रमाणे दुखवट्याचे चारपाच कागद डकवलेले होते. काळी किनार, मधोमध फोटो, खाली नाव, वय, अंत्यसंस्काराची वेळ. असे कागद जाता-येता सगळेच वाचतात. क्षणभर थांबतात, जीभ टाळ्याला लावून च् च् करतात आणि पावाच्या दुकानाकडे निघतात. हा माणूस मात्र पहिल्या कागदाच्या पहिल्या ओळीपासून शेवटच्या कागदाच्या शेवटच्या ओळीपर्यंत वाचत उभा होता. मग त्याने खिशातून वही काढली, काहीतरी उतरवलं आणि मान वर करून एकेक खिडकी न्याहाळायला लागला.

असे चोर असतात हे बाईंना ठाऊक होतं. अंत्यसंस्काराची वेळ वाचून ठेवायची, आणि घरचे लोक स्मशानात गेले की कुलूप फोडायचं. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीसुद्धा बाईंचा आवाज शाळेच्या मैदानाच्या टोकापर्यंत पोचेल असा होता. त्यांनी खिडकी उघडली.

"ए! काय लिहितोयस रे तिथे?"

त्या माणसाने चपापून टोपी काढली. पन्नाशी ओलांडलेला, अंगाने किरकोळ, कान मात्र मोठे.

"नावं लिहितोय, बाई."

"कुणाची?"

"गेलेल्यांची," तो म्हणाला आणि डावा पाय ओढत कोपऱ्यावरून वळून दिसेनासा झाला.

त्याने आपल्याला 'बाई' म्हटलं हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. चाळीस वर्षं भूगोल शिकवल्यावर अर्धं गाव त्यांना बाईच म्हणायचं.

दुपारी झोया सूप घेऊन आली तेव्हा बाईंनी तिला चोराची गोष्ट रंगवून सांगितली. झोया आणि तिचा नवरा ल्यूबेन ही त्यांच्या आयुष्यात आलेली अलीकडची माणसं. गेल्या जानेवारीत बाई स्वयंपाकघरात घसरून पडल्या होत्या आणि सकाळी नवापासून दुपारी एकपर्यंत थंड फरशीवर पडून होत्या. शेजारणीला मांजर ओरडतंय असं वाटलं म्हणून ती आली. मुलगा प्लामेन टोरांटोला, फोन ईस्टरला आणि नव्या वर्षाला. त्या चार तासांत बाईंनी फरशीच्या फटी मोजल्या होत्या, आणि पुन्हा कधी त्या मोजाव्या लागू नयेत एवढीच त्यांची इच्छा होती. वसंतात कुणीतरी झोयाचं नाव सुचवलं. पूर्वी नर्स होती, हात हलका, बोलणं गोड. नवरा-बायको म्हाताऱ्या माणसांना सांभाळायचे आणि त्या बदल्यात त्यांच्या पश्चात घर या दोघांच्या नावावर व्हायचं. रीतसर नोटरीपुढे करार व्हायचा. असे करार गावात पुष्कळ होतात. सही ऑक्टोबरच्या दुसऱ्या शुक्रवारी ठरली होती.

"चोर कसला, मावशी!" झोया हसली. तिने सूप वाडग्यात वाढलं आणि सहज विचारलं, "लंगडत होता का?"

"होता की. तुला कसं कळलं?"

"कुठल्या पायाने?"

"डाव्या."

झोयाने पातेल्यावर झाकण ठेवलं, मग ते उचलून पुन्हा नीट ठेवलं. "गावात वेडे थोडे का आहेत," ती म्हणाली. जाताना तिने फ्रिजवरची गोळ्यांची डबी काढून पाहिली. सात वारांचे सात कप्पे, दर रविवारी झोयाच भरायची. "आज सकाळच्या घेतल्यात ना? चक्कर आली होती का?"

"थोडीशी."

"वय झालं, मावशी. दुसरं काही नाही."

आठवड्याने दारावरची घंटा वाजली. बाईंनी साखळी लावूनच दार किलकिलं केलं. बाहेर तोच. टोपी हातात.

"बाई, मी मेतोदी कुझमानोव. सातवी ब."

"नाव आणि वर्ग काय, कुणीही सांगेल. कुठल्या बाकावर बसायचास?"

"शेवटच्या. खिडकीकडे."

"त्या बाकावर सगळेच टवाळ बसायचे. पुरावा दे."

तो थोडा अवघडला. "मी फळ्यावर डॅन्यूब नदी काढली होती. काळ्या समुद्रातून निघून जर्मनीत संपणारी. तुम्ही मला वर्गातून थेट नदीवर नेऊन उभं केलंत, आणि म्हणालात, पाण्यात काडी टाक आणि बघ कुठे जाते."

बाईंनी साखळी काढली.

ते मोठे कान आता ओळखीचे वाटायला लागले. कॉफी होईपर्यंत त्याने आपली हकीकत सांगितली, आणि ती सांगताना तो बाईंकडे न बघता त्यांच्या बुटांकडे बघत होता. शाळेनंतर तो टपाल खात्यात चिकटला. सव्वीस वर्षं पोस्टमन. कुत्र्याने डावी पोटरी फाडली ती तेव्हाच. मग त्याचं टपाल कार्यालय बंद झालं आणि त्याच्यापाशी राहिलं एवढंच, की कुठल्या घरात कोण राहतं, कोण कुणाशी बोलत नाही आणि कुणाची पत्रं कुणी दुसरंच उघडतं, हे सगळं त्याला माहीत होतं. त्या भांडवलावर त्याने खाजगी गुप्तहेराची पाटी लावली.

"गुप्तहेर? तू?" बाईंना हसू आवरेना. "आणि कचेरी कुठे थाटलीस?"

"बाजाराच्या मागे, औषधांच्या दुकानाखाली. तळघर आहे. पूर्वी तिथे बिअर आणि सिगारेटी विकायचे. खिडकी फुटपाथच्या पातळीला. गिऱ्हाइकाला उकिडवं बसून बोलावं लागतं."

"मग येतात का?"

"ज्याला खरंच गरज असते तो बसतो उकिडवा. मला खालून नुसते बूटच दिसतात. पण माणूस चेहऱ्याला रंग फासतो तसा टाचेला फासत नाही." हरवलेली कुत्री, पळालेले नवरे, आणि बरेचदा नुसतंच एखाद्या लेकीचा पत्ता काढून देणं, एवढाच त्याचा व्याप. दुखवट्याचे कागद वाचायची सवय पोस्टातली. कोण गेलं ते कळलं म्हणजे टपाल परत पाठवता यायचं. "तिथे खाली 'शोकाकुल' म्हणून नावं असतात ना, बाई, त्यांत कोण आहे ते सगळे वाचतात. मी कोण नाही ते वाचतो."

मग त्याने कप खाली ठेवला. "झोया आणि ल्यूबेनशी तुमचा करार झाला का?"

बाईंचं हसू मावळलं. "तुला कुणी पाठवलंय? त्यांच्यावर जळणाऱ्या भाऊबंदांनी?"

"कुणीच नाही."

"मग पैसे कोण देतंय तुला?"

"कुणीच नाही, बाई. त्यांची गाडी तुमच्या फाटकाशी दोनदा दिसली म्हणून त्या दिवशी आलो होतो." तो खालच्या आवाजात सांगू लागला. एक योर्दाना बेल्चेवा होती, शिवणकाम करणारी. दुसरा आतानास, बोटीवरचा आचारी. तिसरी ग्रंथालयातली गिन्का. तिघंही एकटी. तिघांचं पेन्शन तो दर महिन्याच्या सात तारखेला घरी नेऊन द्यायचा. योर्दाना त्याला उभ्या उभ्या अक्रोडाच्या मुरंब्याचा एक चमचा भरवायची. तिघांनीही याच दोघांशी करार केला. "आणि अडीच वर्षांत तिघंही गेली."

"किती वयाची होती?"

"ऐंशीच्या आसपास."

"मग जाणारच की! मेतोदी, तू लहानपणी नदी उलटी वाहवलीस, आता माणसंही उलटी वाहवतोयस. ती पोर मला सूप आणून देते. माझी नखं कापते. माझा स्वतःचा मुलगा..." त्यांनी त्याच्यापुढचा कप उचलून घेतला.

तो उठला. दाराशी म्हणाला, "लागलीच गरज तर या. उकिडवं बसू नका, फुटपाथवर नुसती काठी आपटा. तुमचे बूट मी ओळखेन."

रादकाबाईंनी आयुष्यात कधी कुणापासून काही लपवलं नव्हतं, आणि ज्यांच्या हाती आपलं म्हातारपण सोपवायचं त्यांच्यापासून लपवणं तर त्यांना अप्रामाणिकपणाच वाटला. दुसऱ्या दिवशी ल्यूबेन नळ दुरुस्त करायला आला तेव्हा त्यांनी सगळं सांगून टाकलं. ल्यूबेन शांत, उंच, कायम इस्त्रीचा सदरा घालणारा माणूस. तो पाना फिरवत ऐकत राहिला.

"बिचारा," तो म्हणाला. "काम नाही की माणसाला असं काहीबाही दिसायला लागतं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका, मावशी." पाना पेटीत ठेवून त्याने हात पुसले. एकेक बोट वेगळं करून पुसले. "बसतो कुठे म्हणालात?"

"बाजाराच्या मागे. औषधांच्या दुकानाखाली."

"असं का," ल्यूबेन म्हणाला.

चार दिवसांनी, बुधवारी, बाई बाजारात मुरंब्यासाठी बिहीची फळं घ्यायला गेल्या. औषधांच्या दुकानासमोर फुटपाथ ओला होता, वाळूची एक ओळ रस्त्यापर्यंत वाहत आली होती. मेतोदी विजार गुडघ्यापर्यंत दुमडून एका स्टुलावर बसला होता. दोन खांबांमध्ये बांधलेल्या दोरीवर चिमटे लावून त्याने कागद वाळत घातले होते. शाई फुटून सगळे कागद निळे झाले होते.

"नळ फुटला का रे?"

"नाही, बाई. कुणीतरी खिडकीतून बागेचा पाइप आत सोडला. सकाळी येऊन बघतो तर टेबल तरंगतंय."

शेजारच्या भाजीवालीने मिरच्या निवडता निवडता तोंड घातलं. "काल तो उंच माणूस आला होता ना, त्याचंच काम. मला तर चेहऱ्यावरूनच कळलं."

"कोण उंच माणूस?" बाईंनी विचारलं.

मेतोदी ओल्या पायांकडे बघत म्हणाला, "काळे बूट, नवीन तळ. खाली वाकला, चांगला उकिडवा बसला. म्हणाला, माणसाने इतक्या खाली बसू नये. पाणी आधी खालीच येतं."

बाईंच्या हातातली पिशवी जड झाली. त्यांनी ती ओल्या फुटपाथवरच टेकवली.

"पत्ता मी दिला," त्या अखेर म्हणाल्या.

"माहीत आहे. तुमच्याशिवाय कोण देणार? तुम्हाला खोटं बोलायची सवयच नाही, ती आता कुठून लागणार." तो हे रागाने म्हणाला नाही, त्यामुळे ते बाईंना जास्त लागलं. "तिघांचे कागद तेवढे वाचले. कोटाच्या खिशात होते."

"घरी चल," बाई म्हणाल्या. "पाय पूस, गरम काहीतरी पी. आणि ते कागद मला दाखव. नीट, टेबलावर ठेवून."

घरी त्यांनी टेबलावरचं फडकं काढलं, चष्मा पुसला आणि परीक्षेच्या पेपरांचा गठ्ठा पुढ्यात घ्यावा तशा बसल्या. मेतोदीने घड्या उलगडून तीन कागद शेजारी शेजारी मांडले. भिंतीवरून काढताना कडा फाटल्या होत्या, खळ वाळून पाठ कडक झाली होती.

"हे बघा," त्याने बोट ठेवलं. "शोकाकुल, आप्तस्वकीय. तिघांनाही आप्त नव्हतेच. तिन्ही कागदांवर शब्दाला शब्द तोच."

"आणि चाळिसाव्या दिवसाचा कागद? घरचे लावतात तो?"

"नाही."

"सहा महिन्यांचा? वर्षाचा?"

"एकाचाही नाही. पहिला तेवढा लावला, तो नसता लावला तर शेजारी बोलले असते म्हणून."

बाईंनी ओठ आवळले. मेलेल्या माणसाला चाळिसाव्या दिवशी गव्हाची खीर आणि भिंतीवर एक कागदही न देणं हे त्यांना बाकी सगळ्यापेक्षा निर्दय वाटलं. पण निर्दयपणा म्हणजे गुन्हा नव्हे, असं त्या म्हणणारच होत्या. एवढ्यात त्यांची नजर फोटोंवर गेली, आणि त्यांनी चष्मा नाकावर नीट बसवला.

योर्दाना खांद्यावर फिकट शाल घेऊन बसली होती, चेहऱ्यावर द्राक्षाच्या पानांची सावली. आचारी आतानास दाढी करून, ताठ. गिन्का थोडी लाजलेली. फोटो छातीपर्यंतच कापलेले, पण प्रत्येकाच्या डाव्या खांद्यामागून खुर्चीच्या पाठीचा एक तुकडा डोकावत होता. लाकडात कोरलेले दोन पक्षी समोरासमोर, त्यांतल्या एकाचं डोकं तुटलेलं.

"काय झालं, बाई?"

बाई उठल्या. टेबलाला धरून, मग कपाटाला धरून त्या दिवाणखान्यात गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात चौकटीतला एक फोटो होता. त्यांनी तो तिन्ही कागदांच्या शेजारी, चौथ्या जागी ठेवला.

फोटोत रादका तेनेवाबाई द्राक्षाच्या मांडवाखाली बसल्या होत्या, खांद्यावर फिकट शाल, ओठांवर हसू. डाव्या खांद्यामागे बिनडोक्याचा पक्षी.

मेतोदी फोटोवर वाकला. महिनोन्‌महिने हे तीन कागद त्याच्या खिशात होते, त्याने त्यांवरचं अक्षर न् अक्षर वाचलं होतं. खुर्ची त्याला कधी दिसलीच नव्हती.

"ऑगस्टमध्ये काढला," बाई म्हणाल्या. आवाज नेहमीचाच होता, फक्त थोडा सावकाश. "नदीकाठी त्यांची बाग आहे, तिथे. झोया म्हणाली, मावशी, एक चांगला फोटो काढून ठेवा. नाहीतर ऐनवेळी लोक ओळखपत्रावरचा डकवतात आणि माणूस दरोडेखोर दिसतो. मला पटलं. माझ्या आईने तर कपडेसुद्धा काढून ठेवले होते, बुटांसकट. झोयाने स्वतःची शाल दिली. माझे केस विंचरले."

"बाई..."

"मेतोदी, खुर्ची म्हणजे गुन्हा नव्हे."

"नाही, बाई."

"माणसं म्हातारी होती."

"होती."

"सहीनंतर किती दिवसांनी गेली?"

"योर्दाना सात महिन्यांनी. आतानास पाच. गिन्का अकरा."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. बाहेर कुणीतरी बाल्कनीतून कुणाला तरी हाक मारून मिठाची बरणी मागत होतं.

"माझी सही परवा आहे," त्या म्हणाल्या. "सकाळी दहाला गाडी घेऊन येणार आहेत."

"मी इथे येऊन बसतो."

"माझ्या घरात दार उघडायला मला माणूस लागत नाही."

"मग खाली झाडापाशी बसतो. बाक कुणाच्या मालकीचा नाही."

"बस. पण टोपी घाल, गारठा आहे," बाई म्हणाल्या.

गुरुवार नेहमीसारखा गेला. सकाळी उठल्यावर बाईंनी फ्रिजवरची डबी काढली, गुरुवारच्या कप्प्यातल्या गोळ्या तळहातावर घेतल्या आणि पाण्याबरोबर गिळल्या. त्या दिवशीही चक्कर आली, भिंतीला धरून त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या. त्या डबीचा विचार त्यांच्या डोक्यात आला नाही. मेतोदीच्या डोक्यात आला नाही, कारण त्याला ती डबी ठाऊकच नव्हती.

शुक्रवारी दहाला पाच मिनिटं कमी असताना घंटा वाजली. झोयाने केस वळवले होते, ल्यूबेनने टाय बांधला होता. त्याच्या हातात कागदांची फाइल होती.

"तयार नाही झालात, मावशी?" झोया म्हणाली. "उशीर होईल हं. तो निळा पोशाख घाला, तुम्हाला शोभतो."

"मी येत नाहीये," बाई म्हणाल्या. त्या खुर्चीवर बसूनच होत्या, हात मांडीवर, पायांत घरातल्या सपाता. "आजही नाही आणि पुढेही नाही. घर प्लामेनला राहू दे."

ल्यूबेनने फाइल अलगद टेबलावर ठेवली. "प्लामेनला? ज्याने तुमच्या वाढदिवसालाही फोन केला नाही, त्या प्लामेनला?"

"त्यालाच."

"मावशी, परत घसरलात तर? तिथेच, स्वयंपाकघराच्या फरशीवर? त्या वेळी चार तास होते. दर वेळी चारच असतात असं नाही." तो हे अगदी काळजीच्या सुरात बोलला. बाईंच्या तळपायांना फरशीचा तो जुना गारवा लागला. त्यांनी हातांची बोटं एकमेकांत गुंतवली.

"एक विचारू का, ल्यूबेन?"

"विचारा की."

"तुमच्या बागेतल्या त्या खुर्चीवर माझ्याआधी कोण बसलं होतं?"

झोयाने नवऱ्याकडे पाहिलं नाही. ती फक्त खिडकीकडे गेली आणि खाली बघत राहिली. खाली बाकावर टोपी घालून मेतोदी बसला होता.

"खुर्चीवर काय, कुणीही बसतं," ल्यूबेन अखेर म्हणाला.

झोया वळली, दिवाणखान्यात गेली आणि फोटोची चौकट घेऊन आली. "काच जरा सैल झालीय, मावशी. बसवून आणते."

"खाली ठेव."

"अहो, दोन दिवसांत..."

"झोया, खाली ठेव म्हणाले ना!"

तो वर्गातला आवाज होता. झोयाच्या हातातून चौकट जवळजवळ आपोआपच टेबलावर आली. बाईंनी तिच्यावर पालथा पंजा ठेवला आणि तो तसाच ठेवला. ल्यूबेनने फाइल काखेत मारली. झोया स्वयंपाकघरातून आपलं सुपाचं पातेलं घेऊन आली, पिशवीत घातलं. दोघंही दाराशी थांबली.

"तुमची मर्जी," ल्यूबेन म्हणाला. "पण मावशी, म्हातारपणी एकटं राहायला फार हिंमत लागते. तुमच्यात आहे की नाही, ते हिवाळ्यात कळेल."

त्यांची पावलं जिन्यावरून उतरली. बाईंनी गाडीचा आवाज लांब जाईपर्यंत ऐकला, आणि मग हुंदका येतोय की हसू हे त्यांना कळेना.

मेतोदी वर आला तेव्हा बाई फ्रिजपाशी उभ्या होत्या. फ्रिजवर धुळीत एक लांबट स्वच्छ पट्टा उमटला होता.

"काय शोधताय?"

"गोळ्या," बाई म्हणाल्या. "सकाळच्या घ्यायच्या राहिल्या. डबी इथेच असते. झोया भरते दर रविवारी."

हे बोलताना शब्द त्यांच्याच कानांवर पडत गेले. मेतोदी त्या पट्ट्याकडे बघत उभा राहिला. मग खुर्चीवर मट्कन बसला आणि कपाळावर हात मारून घेतला. फोटोवरून वाद झाला आणि फोटो राहिला. पातेल्याबरोबर पिशवीत काय गेलं तिकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

पोलीस ठाण्यात दोघं बरोबर गेले. तिथल्या तरुण अधिकाऱ्याने चारही फोटो पाहिले, खुर्ची पाहिली आणि बाईंना बसायला दुसरी खुर्ची दिली.

"आजी, मी कुणाला अटक करू? खुर्चीला?"

"डबी शोध."

"प्लॅस्टिकची डबी बाजारात टोपलीभर मिळते. माणसं पुरली, वर्षं झाली. डॉक्टरांनी हृदय लिहिलंय, हृदयच होतं." तो वाईट मुलगा नव्हता. त्याने सगळं लिहून घेतलं आणि कागद एका खणात ठेवला. तो अजून तिथेच असावा.

तीन आठवड्यांत बाईंची सकाळची चक्कर थांबली. वय तेवढंच होतं.

नोव्हेंबरात ल्यूबेनने नदीकाठची बाग विकली. भाजीवालीची बहीण सिलिस्त्राला राहते, तिने झोयाला तिथल्या चर्चसमोर एका म्हाताऱ्या गृहस्थांना हाताला धरून रस्ता ओलांडताना पाहिलं. आणि बागेच्या नव्या मालकाने सांगितलं, सामानात ती दोघं एक जुनी खुर्चीसुद्धा घेऊन गेली. कोरीवकाम होतं म्हणे, मोडकं. टाका म्हटलं तर त्याची बायको ऐकेना.

त्या हिवाळ्यात रादकाबाई एकदा घसरल्या, पण दाराच्या मुठीला धरून सावरल्या. आता त्या रोज सकाळी आठ वाजता मेतोदीला फोन करतात, दोनदा घंटी वाजू देतात आणि ठेवून देतात. आठ वाजून पाच मिनिटांपर्यंत फोन आला नाही तर त्याने किल्ली घेऊन यायचं, असं ठरलं आहे. आतापर्यंत एकदाच तो धावत आला, तेव्हा बाई मुरंबा ढवळत होत्या आणि वेळ विसरल्या होत्या. त्याला धापा टाकताना बघून त्यांनी त्याच्या तोंडात मुरंब्याचा एक चमचा घातला. तो खाताना त्याने तोंड फिरवून घेतलं.

तळघर त्याने वाळवून पुन्हा उघडलं आहे. खिडकीला आतून लोखंडी पट्टी बसवली आहे. कुत्री हरवतात, नवरे पळतात, गिऱ्हाइकं उकिडवी बसतात. नव्या प्रकरणांत तो आता फोटो आधी बघतो आणि अक्षरं नंतर. झोया आणि ल्यूबेनबद्दल त्याला कुणी काही विचारलं तर तो सांगतो, की त्याच्याकडे पुरावा नाही. ते खरंच आहे.

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळी सातच्या बसने मेतोदी कुझमानोव सिलिस्त्राला जातो. दिवसभर तिथली झाडं, फाटकं आणि बसथांबे वाचत फिरतो, आणि पाचच्या बसने परत येतो.